ओकानागन तलाव, २०१७: पेंटिक्टनचे दरवाजे आधी का उघडले नाहीत?

२०१७ च्या जूनमध्ये कॅनडातल्या ओकानागन तलावाची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ३४३.२५ मीटरवर गेली. तलाव 'भरला' असं तिथे ३४२.४८ मीटरला म्हणतात. म्हणजे भरलेल्या तलावावर आणखी ७७ सेंटिमीटर पाणी चढलं होतं. १९४८ नंतर एवढी पातळी कोणी पाहिली नव्हती. बोटींचे धक्के पाण्याखाली गेले, बागांच्या संरक्षक भिंती लाटांनी पोखरल्या, सखल वस्त्यांच्या तळघरांत जमिनीखालून पाणी झिरपू लागलं. किनाऱ्यावरची माणसं वाळूच्या पोत्यांच्या रांगा लावता लावता एकच प्रश्न विचारत होती: दक्षिण टोकाला पेंटिक्टन शहरात तलावाच्या बंधाऱ्याला दरवाजे आहेत ना, मग ते वेळेत का उघडले नाहीत?

हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात असताना कोयना आणि अलमट्टीच्या नावाने तो गावोगावी विचारला जात होता. पण ओकानागनचं उत्तर वेगळं आहे, आणि ते दरवाज्यांपेक्षा तलावाच्या आकारात जास्त दडलेलं आहे. म्हणून आधी भूगोल.

एकशे पस्तीस किलोमीटरची फट

ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या दक्षिण भागात, उत्तर-दक्षिण पसरलेल्या एका खोल दरीत हा तलाव आहे. लांबी सुमारे १३५ किलोमीटर, रुंदी सरासरी जेमतेम चार-पाच किलोमीटर, कमाल खोली २३२ मीटर. हिमनद्यांनी ही दरी इतकी खोल खरवडली की तलावाच्या तळाशी साचलेल्या गाळाच्या जाड थरांखालचा मूळ खडक समुद्रसपाटीच्याही खाली जातो. हिमयुग ओसरताना इथे आजच्यापेक्षा उंच पातळीचा एक तलाव काही काळ होता. त्याच्या तळाचा पांढुरका बारीक गाळ आता पेंटिक्टन, नॅरमाटा आणि समरलँडजवळ उभ्या कड्यांच्या रूपात दिसतो. त्या गाळाच्या सपाट माथ्यांवर आज द्राक्षमळे आहेत.

उत्तरेला व्हर्नन, मध्यावर पूर्व काठाला केलोना, समोर वेस्ट केलोना, मग पश्चिम काठाने पीचलँड आणि समरलँड, आणि अगदी दक्षिण टोकाला पेंटिक्टन. पीचलँडच्या समोर तलाव एक ठळक वळण घेतो. तिथे पूर्व काठावर ओकानागन माउंटन प्रांतिक उद्यान आहे आणि केलोनाहून नॅरमाटाला त्या काठाने जाणारा सलग मोटाररस्ताच नाही. वाहतूक सगळी पश्चिम काठाच्या ९७ क्रमांकाच्या महामार्गाने. तो महामार्ग केलोनाला तलाव ओलांडतो तोही तरंगत्या पुलावरून, कारण तळ खोल आणि गाळाचा. पहिला तरंगता पूल १९५८ चा. आताचा विल्यम बेनेट पूल २००८ मध्ये सुरू झाला.

या दरीवर पर्जन्यछाया आहे. पॅसिफिकवरून येणारे ढग किनाऱ्यालगतच्या डोंगररांगांवर रिकामे होतात आणि इथे वर्षाकाठी साडेतीनशे-चारशे मिलिमीटर पाऊस उरतो. दक्षिणेकडे अमेरिकेच्या सीमेवरच्या ओसोयूसपर्यंत जाता जाता तोही कमी होतो. आपल्या माणदेशापेक्षाही कमीच. तरीही इथे सफरचंद, चेरी, पीच आणि द्राक्षं पिकतात ती दोन गोष्टींच्या जोरावर. एक म्हणजे दोन्ही बाजूंच्या पठारांवर हिवाळाभर साठणारं बर्फ. दुसरी म्हणजे तलाव स्वतः: एवढं खोल पाणी हिवाळ्यात सहसा पूर्ण गोठत नाही आणि काठावरची थंडी सौम्य ठेवतं. (त्यालाही मर्यादा आहेत. जानेवारी २०२४ च्या कडाक्यात द्राक्षवेलींचे डोळे मेले आणि त्या वर्षीचं वाइनच्या द्राक्षांचं पीक जवळजवळ सगळं गेलं.) फळबागांच्या मालकांत आज पंजाबी कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत, केलोना परिसरातल्या चेरीच्या हंगामात पंजाबी कानावर पडणं नवलाचं नाही.

ही भूमी इथल्या मूळनिवासी सीइल्ख लोकांची. या पाण्यात राहणाऱ्या एका पवित्र शक्तीवर त्यांची श्रद्धा आहे. वसाहतकाळानंतर तिचं 'ओगोपोगो' नावाचं पर्यटकी सर्पदैत्य झालं, बागेत त्याचा पुतळा झाला, दुकानांत बाहुल्या आल्या. तलावाबद्दल बाहेर जे काही लिहिलं जातं त्यात या दैत्याला जेवढी जागा मिळते तिचा दशांश जरी पेंटिक्टनच्या छोट्या बंधाऱ्याला मिळाली असती, तर २०१७ चा राग थोडा वेगळ्या दिशेला गेला असता असं मला वाटतं.

तलावाचं गणित

तलावाचं पृष्ठ सुमारे ३४८ चौरस किलोमीटर आहे. एकूण साठा सुमारे २४.६ घन किलोमीटर. आपल्या भाषेत बोलायचं तर ८७० टीएमसीच्या आसपास, म्हणजे आठ कोयना धरणं आणि वर थोडं. पण हा सगळा साठा कोणाच्याही हातात नाही. दरवाज्यांनी खालीवर करता येतो तो फक्त वरचा साधारण १.२ मीटरचा थर. ३४८ चौरस किलोमीटरला १.२ ने गुणलं तर येतात सुमारे ४२ कोटी घनमीटर, पावणेपंधरा टीएमसी. पुण्याला पाणी पुरवणाऱ्या खडकवासला साखळीतल्या चार धरणांच्या साठ्याचा निम्मा भाग. एवढा अजस्र तलाव, आणि नियंत्रणात एवढंच.

शिवाय तलाव स्वतः फार हळू बदलतो. आत आलेलं पाणी सरासरी पन्नासहून अधिक वर्षं आत राहतं. दरवर्षी निव्वळ नवं पाणी येतं ते साधारण दीड मीटरच्या थराइतकं, आणि त्यातलं बहुतेक एप्रिल ते जुलै या काळात, बर्फ वितळताना. ऑगस्टनंतर उलटा प्रकार सुरू होतो. ओढे जेवढं आणतात त्यापेक्षा जास्त पाणी ऊन आणि वारा उडवून नेतात.

आता बाहेर जाण्याचा मार्ग. एकच. पेंटिक्टनच्या बंधाऱ्यातून ओकानागन नदीत. तिथून स्काहा, वॅसो आणि ओसोयूस या तलावांतून ती अमेरिकेत शिरते आणि पुढे कोलंबिया नदीला मिळते. १९४८ च्या पुरानंतर १९५० च्या दशकात ही सगळी व्यवस्था बांधली गेली: बंधारा, सरळ केलेलं नदीपात्र, दोन्ही बाजूंना मातीचे बांध. नदीची वळणं कापून तिचा कालवा केला, आणि तो कालवा सेकंदाला ६० घनमीटर पाण्यासाठी आखला.

६० घनमीटर म्हणजे जेमतेम २,१०० क्युसेक. खडकवासल्यातून मुठेत जुलै २०२४ मध्ये पस्तीस हजारांहून अधिक क्युसेक सोडल्याचं पुणेकरांना आठवत असेल. त्या मानाने हा विसर्ग म्हणजे धरणाची सांडवा-चाचणी.

दिवसाचे ८६,४०० सेकंद धरून सेकंदाला ६० घनमीटर सोडले तर दिवसाला सुमारे ५२ लाख घनमीटर बाहेर जातात. तलावाचा एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ३५ लाख घनमीटर. म्हणजे वरून एक थेंबही येत नसेल तरीही, दरवाजे पूर्ण क्षमतेने उघडे ठेवून तलाव उतरतो दिवसाला फक्त दीड सेंटिमीटर. भरल्या पातळीवर चढलेले ते ७७ सेंटिमीटर उतरवायला कोरड्यातही पन्नासहून जास्त दिवस लागतात. आणि मे महिना कोरडा नसतो. समजा ओढ्यांतून मिळून सेकंदाला २०० घनमीटर येत आहेत; दरवाजे पूर्ण उघडे असतानाही तलाव दिवसाला साडेतीन सेंटिमीटर चढत राहील. बंधाऱ्यावरचा माणूस पाहत राहण्यापलीकडे काही करू शकत नाही.

लांब तलावाची गोम इथे आहे. सव्वाशे किलोमीटरहून जास्त लांबीच्या दोन्ही काठांनी ओढे उतरतात. केलोनाजवळ मिशन क्रीक, जो सगळ्यांत मोठा. समरलँडला ट्राउट क्रीक. व्हर्ननकडून कालामाल्का तलावाचं पाणी घेऊन येणारा व्हर्नन क्रीक. आणि असे कितीतरी. येण्याची दारं डझनावारी, जाण्याचं एक, तेही अरुंद. म्हणून इथे पूर 'सोडायचा' नसतो. तो येण्याआधी जागा करून ठेवायची असते, आणि ती जागा करायला महिने लागतात.

फेब्रुवारीतला निर्णय

जागा कधी करायची? हिवाळ्यात. आणि ती किती करायची हे ठरतं पठारावरच्या बर्फात किती पाणी आहे यावरून. मिशन क्रीकच्या उगमाकडच्या पठारावर आणि ब्रेंडा माइनजवळ बर्फाचं वजन सतत मोजणारी स्वयंचलित केंद्रं आहेत; शिवाय माणसं जाऊन नळीने बर्फाचे नमुने काढतात. फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलच्या सुरुवातीला त्यावरून अंदाज निघतो की जुलैअखेरपर्यंत तलावात किती पाणी येईल. त्या अंदाजावर लक्ष्य-पातळी ठरते. ही पद्धत आली ती केंद्र आणि प्रांत सरकार यांच्यातल्या १९७४ च्या ओकानागन खोरे करारातून.

२०१७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये खोऱ्यातलं बर्फ सरासरीपेक्षा कमीच होतं. पाठीमागे २०१५ चा दुष्काळ होता, त्या वर्षी बर्फ लवकर गेलं आणि नद्या आटल्या. अशा वर्षी तलाव जास्त उतरवून ठेवायचा आणि मग पावसाने पाठ फिरवली तर? उन्हाळ्यात सिंचनाचं पाणी ओढणारे पंप, धक्के, नदीतले मासे, खालचा ओसोयूस, सगळेच अडचणीत. आकडे कमी होते, म्हणून दरवाजेही बेतानेच उघडे राहिले. माझ्या मते त्या दिवशीच्या माहितीवर तो निर्णय चुकीचा नव्हता.

मग मार्चपासून हवा फिरली. वसंत ऋतू थंड आणि ओला निघाला. पठारावरचं बर्फ वितळायच्या ऐवजी वाढत गेलं, खालची माती आधीच पाण्याने तुडुंब भरली. मेच्या पहिल्या आठवड्यात उबदार हवा आणि जोरदार पाऊस एकदम आले. ५-६ मे च्या सुमारास केलोनामधला मिल क्रीक शहराच्या मधोमध काठ सोडून वाहू लागला, घरं रिकामी करावी लागली. ओढ्यांचा पूर काही दिवसांत ओसरतो. तलावाचा नुसता सुरू झाला होता. मग पाच आठवडे तो रोज थोडा थोडा चढत राहिला. या तऱ्हेच्या पुरात पळापळ नसते, फक्त वाट पाहणं असतं, आणि त्यामुळेच संताप जास्त साठतो.

शहरांनी काठाने पाण्याने भरलेल्या जाड नळ्यांचे तात्पुरते बांध घातले, वाळू-खडीच्या टोपल्या रचल्या, पोती भरली. वाहत आलेले ओंडके आणि तुटलेले धक्के पाण्यावर तरंगत होते. बोटींच्या लाटा काठ खातात म्हणून काठाजवळ बोटींना वेग कमी ठेवण्याचे आदेश निघाले.

मासे मध्ये कुठून आले?

पेंटिक्टनचा बंधारा चालवणाऱ्याला दोन प्रकारच्या अंड्यांचा विचार करावा लागतो, आणि मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच वाटतो.

पहिली अंडी कोकॅनीची. हा समुद्रात न जाणारा, सॉकाय जातीचा सॅमन मासाच. ओकानागनमध्ये त्याचा एक गट ओढ्यांत न जाता थेट तलावाच्या काठाशी, उथळ पाण्यातल्या दगडगोट्यांत ऑक्टोबरात अंडी घालतो. त्यानंतर हिवाळ्यात तलाव झपाट्याने उतरवला तर ती अंडी उघडी पडून मरतात. आणि कोकॅनी आधीच घायाळ होता: १९६६ मध्ये त्याला खाद्य म्हणून मायसिस नावाची झिंग्यासारखी लहान जात तलावात सोडली गेली. ती खाद्य होण्याऐवजी कोकॅनीचंच खाद्य फस्त करू लागली. संख्या इतकी घसरली की १९९५ मध्ये कोकॅनीची मासेमारी बंद करावी लागली.

दुसरी अंडी नदीतल्या सॉकायची. हे मासे समुद्रातून कोलंबियाने वर येतात, नऊ धरणं पार करून, आणि ऑलिव्हर गावाजवळच्या नदीच्या थोड्या नैसर्गिक उरलेल्या भागात वाळू-गोट्यांत अंडी घालतात. हिवाळ्यात नदीत सेकंदाला साधारण २८ घनमीटरपेक्षा जास्त पाणी सोडलं तर तळ खरवडला जाऊन अंडी वाहून जाण्याचा धोका असतो. म्हणजे तलाव उतरवायचा तर कोकॅनी उघडी पडतात. भराभर उतरवायचा तर सॉकाय वाहून जातात. या दोन्हींचा हिशेब ठेवायला मत्स्य-जल व्यवस्थापनाची एक संगणकीय प्रणाली केली आहे आणि बंधाऱ्यावरचे साप्ताहिक निर्णय तिच्या आधाराने होतात. यामागे सीइल्ख लोकांच्या ओकानागन नेशन अलायन्सचं मोठं काम आहे. त्यांच्या प्रयत्नांनी सॉकायची या नदीतली संख्या नामशेष होण्याच्या काठावरून परत आली, २००९ मध्ये नदीवरच्या मॅकिंटायर बंधाऱ्यावरून माशांना वाट मिळाली, २०१४ मध्ये पेंटिक्टनला त्यांचं स्वतःचं मत्स्यबीज केंद्र सुरू झालं.

पुराच्या वेळी काहींनी हेच उचलून धरलं: माशांसाठी माणसांची घरं बुडवली. ते कितपत खरं? हिशेब मांडून बघू. समजा १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल या ८९ दिवसांत रोज, प्रत्यक्ष सोडलं त्यापेक्षा सेकंदाला २० घनमीटर जास्त सोडलं असतं. तलाव सुमारे ४४ सेंटिमीटर कमी भरला असता. ७७ मधले ४४ गेले असते. पूर उरला असताच, पण धक्क्यांपुरता. हा फरक मोठा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण तसं करायला ज्या दिवशी बर्फ सरासरीपेक्षा कमी होतं त्या दिवशी कोणीतरी महापुराची तयारी सुरू करायला हवी होती, सॉकायच्या एका पिढीचा मोठा भाग पणाला लावून. आणि मार्चचा पाऊस आला नसता तर तोच माणूस ऑगस्टात कोरड्या धक्क्यांवर उभा राहून उत्तरं देत बसला असता. त्याच २०१७ चा उन्हाळा पुढे विलक्षण कोरडा गेला आणि प्रांतभर वणवे पेटले, हे इथे विसरता येत नाही. एकाच वर्षात दोन्ही टोकं.

प्रांत सरकारने नंतर बाहेरच्या सल्लागारांकडून या काळातल्या कारभाराचा आढावा करून घेतला. दोष मुख्यतः अंदाजानंतर आलेल्या अवेळी पावसाकडे गेला. मला हे पटतं, पण अर्धंच. अंदाज चुकणारच असेल तर नियमात त्या चुकीसाठी जागा पाहिजे; ती १९७४ च्या नियमांत पुरेशी नव्हती. पुढच्या वर्षी तलाव जास्त खाली उतरवून ठेवला. मे २०१८ च्या सुरुवातीला खोऱ्यातलं बर्फ सरासरीच्या जवळपास दुप्पट होतं, शेजारच्या केटल नदीने ग्रँड फॉर्क्स गाव बुडवलं, तरी ओकानागनची पातळी २०१७ च्या बरीच खाली राहिली.

खालच्यांचं काय

दरवाजे ६० च्या पुढे उघडता येत नव्हते का? उघडले गेले, काही काळ आखणीपेक्षा जास्त पाणी सोडलं. पण बंधाऱ्याच्या लगेच खाली, पेंटिक्टन शहरातच, शिंगल क्रीक आणि एलिस क्रीक नदीला मिळतात. ते फुगले की वरून कमी सोडावं लागतं, नाहीतर मातीचे बांध धोक्यात. त्याच्या खाली स्काहाचा काठ, मग ऑलिव्हर, मग ओसोयूस.

ओसोयूसची तर वेगळीच कहाणी. तो अर्धा कॅनडात, अर्धा अमेरिकेत. पातळी ठरते वॉशिंग्टन राज्यातल्या ओरोव्हिलच्या झोसेल बंधाऱ्यावर, दोन देशांच्या संयुक्त आयोगाच्या आदेशाने. पण बंधाऱ्याच्या खाली सिमिल्कमीन नदी येऊन मिळते, आणि ती पुरात असली की पाणी मागे फुगतं. मग झोसेलचे दरवाजे सताड उघडे असूनही ओसोयूस चढतच राहतो. केलोनातल्या माणसाला दरवाजा उघडा हवा असतो, ओसोयूसच्या माणसाला बंद. दोघांचाही राग पेंटिक्टनच्या एकाच माणसावर.

वारा

नुकसानीचा निम्मा हिशेब पातळीचा आणि निम्मा वाऱ्याचा. तलाव लांब असल्याचा खरा तोटा इथे दिसतो. दोन्ही बाजूंनी डोंगर, मध्ये पाण्याचा सरळ पट्टा. उत्तरेचा किंवा दक्षिणेचा वारा या बोगद्यातून सुटला की अडवणारं काही नसतं, लाट कित्येक किलोमीटर वाढत येते. जूनच्या त्या पातळीवर एका वादळी संध्याकाळी जेवढं मोडलं तेवढं शांत पाण्याच्या आठवड्यात मोडत नव्हतं. एरवी लाट वाळूवर फुटून मरते. तेव्हा वाळू पाण्याखाली होती आणि लाट थेट भिंतीवर येत होती. उभी काँक्रीटची भिंत लाट परतवते, परतलेली लाट भिंतीचा पाया आणि शेजाऱ्याचा काठ खाते.

इथे दोष वाटायचाच तर मी तो बंधाऱ्याच्या आधी या भिंतींना देईन. ओकानागनच्या काठावर बांधकामासाठी ३४३.६६ मीटर ही सुरक्षित पातळी बरीच वर्षं वापरात आहे, म्हणजे २०१७ च्या कमाल पातळीपेक्षाही ४१ सेंटिमीटर वर. शांत पाण्यासाठी ती पुरली. पण एकच आकडा सगळ्या १३५ किलोमीटरला लावणं हेच या तलावाला न शोभणारं आहे. आडोशाच्या खाडीत लाट गुडघ्याएवढी, उघड्या टोकावर ती मीटरभर. शिवाय जुनी घरं, कुंपणं, धक्के, हिरवळी या पातळीच्या खालीच होत्या, आणि लव्हाळी व काठचे पॉप्लर काढून केलेल्या हिरवळीला काठाची माती धरून ठेवता येत नाही. साठ वर्षं तलाव त्या सव्वा मीटरच्या पट्ट्यात शहाण्यासारखा राहिला म्हणून लोकांना तो स्विमिंग टँक वाटू लागला होता.

पुरानंतर ओकानागन खोरे जल मंडळाने मुख्य तलाव आणि नदीच्या पूररेषांचे नवे नकाशे करून घेतले. ते २०२० मध्ये आले. त्यांत काठाच्या दिशेप्रमाणे आणि लाटेच्या जोरानुसार वेगवेगळी पातळी दाखवली आहे. आता प्रश्न नगरपालिकांचा: नकाशावरची उंच रेषा बांधकाम-परवान्यात उतरवायची की नाही. २०१६ ते २०२१ या काळात केलोना हा कॅनडातला सगळ्यात वेगाने वाढलेला महानगरी भाग होता, आणि तलावकाठच्या जमिनीच्या किमतीबद्दल वेगळं सांगायला नको.

यापुढे

दरम्यान डोंगर बदलत आहेत. २००३ च्या ऑगस्टमध्ये रॅटलस्नेक बेटाजवळ वीज पडून लागलेल्या वणव्याने केलोनाची २३९ घरं नेली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मॅकडूगल क्रीकचा वणवा वेस्ट केलोनाकडून सुटला आणि त्याच्या ठिणग्यांनी तलाव ओलांडून केलोनाच्या बाजूला आग लावली. दीडशेहून जास्त घरं आणि इमारती गेल्या. जळलेल्या उतारावर झाडांची सावली नसते, बर्फ लवकर आणि एकदम वितळतं, पाणी मातीत न मुरता ओढ्यात उतरतं. म्हणजे फेब्रुवारीचा अंदाज अजून अवघड.

नदीचं तोंड रुंद करता येईल का? ऑलिव्हरजवळ २००९ पासून नदीच्या एका तुकड्यात बांध मागे सरकवून जुनी वळणं परत दिली गेली, मुख्यतः माशांसाठी. तिथे पाण्याला पसरायला जागा मिळाली. पण तसं पेंटिक्टनपासून ओसोयूसपर्यंत करायचं तर १९५० नंतर बांधांच्या आड उभ्या राहिलेल्या बागा, द्राक्षमळे आणि वस्त्या यांतून जमीन घ्यावी लागेल. केवळ पात्र खोल करून ६० चे ८० केले तर पाणी ओसोयूसकडे लवकर पोहोचेल, आणि सिमिल्कमीन फुगलेली असेल त्या दिवशी तिथेच अडेल. १९७४ चे नियम नव्याने लिहावेत ही जल मंडळाची मागणी आहे आणि यावेळी सीइल्ख लोक टेबलावर आहेत, जे १९७४ मध्ये नव्हते. तोपर्यंत पेंटिक्टनला दरवर्षी फेब्रुवारीत तेच काम चालू असतं: पठारावरच्या बर्फाचं वजन पाहायचं, काठाशी दगडांत पडलेली अंडी मोजायची, आणि आकडा ठरवायचा.